रामनगरच्या बँकेच्या बुटक्या खिडक्या

काशीहून परतले तेव्हा शेजारणी गंगाजलासाठी लोट्या घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. आठवडाभरात मी विश्वनाथाचं दर्शन घेतलं नव्हतं, गंगेत बुडी मारली नव्हती, शालूच्या दुकानाची पायरीही चढले नव्हते. मी एक बँक पाहून आले होते. हे ऐकल्यावर समोरच्या काकूंनी माझ्या आईला बाजूला घेऊन माझी तब्येत विचारली.

त्या काकूंसाठी, आणि काशी न पाहिलेल्या इतर सगळ्यांसाठी, हे लिहिते आहे.

मी एका बँकेच्या पुण्यातल्या मुख्य कचेरीत इमारत विभागात नकाशे काढते. हुद्द्याचं नाव 'ड्राफ्ट्समन'. मी बाई आहे हे एकोणीस वर्षांत सगळ्यांच्या लक्षात आलंय, फक्त कागदपत्रांच्या आलेलं नाही. इतक्या वर्षांत मी काढलं काय, तर काउंटर, काउंटरची जाळी आणि जाळीतलं भोक. बँकांत संगणक नुकते यायला लागले होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या बँकेचा महोत्सव जवळ आला होता. बँकेला भविष्य आहे हे लोकांना पटत नसेल, तर निदान इतिहास आहे हे तरी पटवावं, असं वरिष्ठांच्या मनात आलं. गुळगुळीत कागदाचा एक जाडजूड ग्रंथ ठरला. दर विभागातून एक ऐतिहासिक इमारत हवी होती. उत्तरेकडच्या आमच्या बाकी सगळ्या शाखा सिमेंटच्या खोक्यांत. जुनी म्हणावी अशी एकच, काशीच्या समोर, गंगेपलीकडं रामनगरला.

"तिचा इतिहास काय आहे, साहेब?" मी विचारलं.

"तो आणायलाच तर तुम्हाला पाठवतोय," साहेब म्हणाले. "दीड पान. शनिवारी जनरल मॅनेजर तिथं पाटीचं अनावरण करणार आहेत, तोवर इतिहास तयार पाहिजे. आणि मंदाताई, चांगला इतिहास आणा."

बालाजी घाट, रविवार

उतरायची सोय कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या नात्यात झाली होती. भालचंद्र गुरुजींचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची राहण्याची आणि धर्मकृत्यांची सोय लावणं हा या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. गुरुजींनी तो सांभाळून शाळेत संस्कृतही शिकवलं. आता वय पंचाहत्तरच्या पुढं, पण पाठ फुटपट्टीसारखी. त्यांच्या पत्नी इंदुमावशी बोलायला लागल्या की त्यांची मराठी अर्ध्या वाटेत हिंदीची नाव पकडायची.

"या, या. गाडीत तकलीफ तर नाही झाली? आधी हात-पाय धुऊन घ्या, मग आरामशीर बसा."

जेवायला वरणभात, लिंबू, वांग्याची भाजी. डोळे मिटले तर सदाशिव पेठ. पण पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण फोडणी मोहरीच्या तेलाची होती. मावशींना वाटलं, मला घर आठवलं. त्यांनी मायेनं आणखी भाजी वाढली.

"रामनगरला काय काम काढलंत?" गुरुजींनी विचारलं.

मी बँकेच्या इमारतीचं सांगितलं. गुरुजींनी शेवटची आपोष्णी घेतली आणि ते उठून गेले. भात अर्धा तसाच होता. मावशी हळूच म्हणाल्या, "गंगापारचं नाव काढलं की यांचं असंच होतं. जन्म काशीत गेला, पण त्या पार एक कदम नाही ठेवला. त्या पार जो मरतो तो पुढच्या जन्मी गाढव होतो, इथं सगळे मानतात नं."

मला हसू आलं. मावशींना आलं नाही.

रामनगर, सोमवार

सायकलरिक्षानं शहराच्या दक्षिण टोकापर्यंत, आणि तिथून लोखंडी पिंपांवर फळ्या टाकून केलेल्या पुलावरून पलीकडं. धुकं असं की पूल दहा पावलांपुरता असायचा आणि पुढं भरवशावर चालायचं. पलीकडं पोचताच आधी लस्सी प्यायले. पुण्यात लस्सी पितात. रामनगरला ती खातात, मातीच्या कुल्हडात, वर बोटभर जाड साय घालून. ती संपल्यावर इतिहास वगैरे गोष्टींची घाई राहत नाही.

बँकेची इमारत नदीकाठी, एकमजली, लाल दगडाची. मधे अंगण, एका बाजूला ओळीनं सहा खोल्या. शाखेचे मॅनेजर श्रीवास्तवजी दारातच उभे होते. त्यांनी माझ्या मागं बघितलं, मागच्या रस्त्यावर बघितलं.

"साहब कहाँ हैं?"

"साहब पुण्यात आहेत. इंजिनियरिंगचं काम मी करणार."

श्रीवास्तवजींनी हे दुःख मोठ्या मनानं स्वीकारलं. मूळचे अलाहाबादचे. बदलीचे अर्ज करून थकलेले, आता सगळी आशा शनिवारच्या समारंभावर होती. त्यांनी आधी मला शाखेचं वैभव दाखवलं. एका खोलीला निळे पडदे, दाराशी चपलांची रांग. आत संगणक. त्याच्यावर झेंडूचा हार. जोडणारा माणूस लखनौहून यायचा होता, तोवर रोज उदबत्ती दाखवत होते.

मग त्यांनी पाटी दाखवली. संगमरवराची, कोरून तयार: 'अंग्रेज़ी हुकूमत के ज़माने की ऐतिहासिक कोठी'.

"इतिहास मिळाला म्हणायचा," मी म्हटलं. "कुठून?"

"मैडम, इतनी पुरानी बिल्डिंग अंग्रेज़ के सिवा कौन बनाएगा?"

"आणि या खिडक्या?"

सहाही खोल्यांना नदीच्या बाजूनं एकेक खिडकी होती, आणि प्रत्येक खिडकीची चौकट जमिनीपासून जेमतेम चार बोटं उंचीवर सुरू होऊन माझ्या कमरेपाशी संपत होती. उभ्या माणसाला तिच्यातून आपल्याच चपला दिसाव्यात. बँकेनं आपल्या परीनं इलाज केले होते. तिजोरीच्या खोलीतली विटांनी बुजवली, मॅनेजरांच्या टेबलानं एक झाकली, जुन्या दस्तऐवजांच्या खोलीत तर खातेवह्यांचे गठ्ठे खिडकीच्या वरपर्यंत रचले होते.

"अंग्रेज़ को कुत्तों का शौक था," श्रीवास्तवजी आवाज खाली आणून म्हणाले. "खिड़कियाँ कुत्तों के लिए हैं."

मी दिवसभर मापं घेतली. संध्याकाळी गुरुजींच्या गच्चीवर नकाशा पसरून चहा घ्यायला खाली गेले. परत आले तेव्हा एक वानर कठड्यावर बसून तो नकाशा चाखत होतं. उत्तरेची भिंत आणि तिजोरीची खोली त्यानं माझ्यादेखत संपवली, दक्षिणेची भिंत पिल्लाला दिली. एकोणीस वर्षांत माझं काम इतक्या आवडीनं कुणी घेतलं नव्हतं.

रामनगर, मंगळवार

म्हणून सगळं पुन्हा मोजायला गेले, आणि बरं झालं. घाईत मोजलेल्या गोष्टी दुसऱ्या खेपेला डोळ्यांत भरल्या. सहाही दारं पाच पाच फूट रुंद. एवढ्या रुंद दारातून कोण जातं? अंगणात चढायला पायऱ्या नाहीत, दगडी उतार. उंबरठे नाहीत. भिंतीत दिव्याचे कोनाडे, तेही हातभर उंचीवर. साहेबाचा कुत्रा दिवा लावून वाचत बसत नसेल, एवढं मला कळत होतं.

मी अनुमान काढलं आणि संध्याकाळी जेवताना मोठ्या ऐटीत सांगून टाकलं. "दवाखाना असणार, गुरुजी. उचलून आणलेल्या माणसांसाठी बांधलेली इमारत आहे ती. मॅनेजर मात्र म्हणतात, इंग्रजाच्या कुत्र्यांचं घर. पाटीसुद्धा इंग्रजाच्या नावानं तयार आहे."

गुरुजींचा घास हातातच राहिला.

"कुत्रे?" ते म्हणाले. "आमच्या यजमानांच्या घरात कुत्रे?"

"आता सांगून टाका," मावशी म्हणाल्या. "नाही तर मी सांगते. मी सांगितलं तर तुमच्या आजोबांना बेइमान म्हणेन, पहिल्यापासून म्हणत आलेय."

"ती चूक होती, इंदू."

"चूक! सहा खोल्यांची चूक!"

मग दोघांनी मिळून, एकमेकांना तोडत, सांगितलं ते असं. गुरुजींच्या आजोबांचे एक यजमान होते, सांगलीकडचे हळदीचे व्यापारी शिवरामपंत. त्यांनी काशी पाहिलेली नव्हती. आपल्या मुलखातून काशीला मरायला येणाऱ्या गरिबांसाठी एक घर बांधावं म्हणून त्यांनी आजोबांना पत्र लिहिलं, पैसे पाठवले. आजोबांनी गंगेच्या काठी उत्तम जागा घेतली, उत्तम दगड लावला. काठ कोणता ते तेवढं कळवलं नाही. घर झालं, आणि मरायला एकही माणूस गेला नाही. मोक्षासाठी इतक्या लांब येऊन गाढव कोण होईल?

"मग एक दिन शिवरामपंत स्वतःच आले," मावशी म्हणाल्या. "बायको गेलेली, मूलबाळ नाही. आपण बांधलेल्या घरात मरायचं म्हणून आले. नावेत बसले. मल्लाह विचारतो, बाबा, उस पार काहे को जा रहे हो? म्हणाले, मरने. तो मल्लाह इतका हसला, इतका हसला, म्हणतात, की नाव थांबली."

शिवरामपंत अर्ध्या गंगेतून परत फिरले आणि थेट याच घरात आले. आजोबांना एक शब्द बोलले नाहीत. माजघरातल्या खाटेवर पडले ते अकरा वर्षं. मरायला आलेला माणूस अकरा वर्षं रोज दोन वेळा जेवत होता. त्यांना पोळी चालायची नाही. गुरुजींच्या आजीनं कुठून कुठून ज्वारी मिळवून त्यांना भाकरी घातली. आजोबा त्यांच्या समोर कधी बसले नाहीत.

"मी सहा वर्षांचा होतो ते गेले तेव्हा," गुरुजी म्हणाले. "भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. माजघराला खिडकी नाही. मी त्यांना विचारलं होतं, भिंतीत काय बघता? म्हणाले, काशी."

 मग गुरुजी उठले, आतून लाल कापडात बांधलेली यजमानांची वही घेऊन आले. घराण्याकडं आलेल्या प्रत्येक यात्रेकरूची सही त्या वह्यांत असते. त्यांनी ती उघडली नाही, फक्त गुडघ्यावर ठेवली.

"उद्या मला त्या पार न्या," ते म्हणाले. "पण सूर्य मावळायच्या आत परत."

रामनगर, बुधवार

पुलाच्या या टोकाला गुरुजींनी दोन्ही हात जोडले आणि माझ्याकडं वळले. "ताई, रस्त्यात मला काही झालं तर माझा देह तुम्ही दोघी मिळून या पार ओढायचा. श्वास सुरू असतानाच. नंतर नाही."

"चला हो, दिमाग नका खराब करू," मावशी म्हणाल्या. त्यांनी खास ठेवणीतली साडी नेसली होती.

गुरुजी चालत होते ते काचेवरून चालावं तसे. ठेच लागू नये म्हणून खाली बघत, धाप लागू नये म्हणून दर वीस पावलांवर थांबत. पलीकडं मी लस्सी मागवली, ती त्यांनी नाकारली, घशात अडकली तर काय घ्या. मावशींनी त्यांचीही खाल्ली.

श्रीवास्तवजींनी सगळी हकीकत उभ्यानं ऐकली आणि मग बसले. वहीतली शिवरामपंतांची सही आणि तिच्याजवळ जपून ठेवलेलं पत्र गुरुजींनी त्यांच्यापुढं ठेवलं.

"पंडितजी," श्रीवास्तवजी अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "लोग यहाँ बचत खाता खोलने आते हैं। मैं उनसे कहूँ कि यह घर मरने वालों के लिए बना था?"

"मरा तो कोई नहीं," गुरुजी म्हणाले. "वही तो दुख है."

"ऊपर से गधे वाली बात! मेरा ट्रांसफर गया समझिए."

मी पत्र वाचत होते. मोडीतलं पत्र, खाली गुरुजींच्या वडिलांनी बाळबोधीत केलेली नक्कल. किती खोल्या, किती दगड. शेवटी एक ओळ होती: 'आडवे पडलेल्या माणसास श्रीविश्वेश्वराची नगरी नजरेसमोर दिसावी, इतके मात्र जरूर पाहावे.'

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली. मग श्रीवास्तवजींना म्हटलं, "दस्तऐवजांच्या खोलीतले ते गठ्ठे हलवायचेत."

शिपाई, कॅशियर, श्रीवास्तवजी आणि मी, सगळ्यांनी मिळून अर्ध्या तासात खिडकी मोकळी केली. धूळ इतकी उडाली की मावशी अंगणात गेल्या. आम्ही सगळे वाकून वाकून बघत होतो. दिसत होता तो खालचा चिखल आणि एक उलटी टाकलेली नाव.

गुरुजींनी खांद्यावरचं उपरणं काढून फरशीवर अंथरलं. एवढा जपून चालणारा माणूस, पण आता त्यांनी कुणाचा हातही धरला नाही. गुडघे टेकले, कुशीवर झाले आणि खिडकीकडं तोंड करून आडवे पडले. शिपाई घाबरून "बाबूजी! बाबूजी!" करायला लागला. मावशी धावत आल्या.

"अहो! काय झालं? उठा, उठा, इथं नाही!"

"थांब, इंदू," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच लागला. "दिसतंय."

"काय दिसतंय?"

"सगळं."

धुकं विरलं होतं. मी त्यांच्या उशाशी फरशीवर डोकं टेकवलं. खिडकीच्या चौकटीत आधी पाणी, मग नदीचं वळण, आणि त्या वळणावर दूरवर उन्हात धरलेली काशी. पायऱ्या, शिखरं, धूर, सगळी एका नजरेत. चिखल नाही, नाव नाही. आडव्या माणसापुरतं मोजून काढलेलं चित्र होतं ते.

"आजोबांनी फसवलं नाही," गुरुजी म्हणाले. "काशीत मरणाऱ्याला काशी कुठं दिसते? त्याला भिंत दिसते. यजमानांनी दिसावी म्हणून लिहिलं. ती इथूनच दिसते. पत्रात होतं तेच आजोबांनी केलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आडवं पडल्यामुळं ते कानात जात होतं. "एकदा येऊन बघा, एवढं म्हणायचं होतं. अकरा वर्षांत तेवढंच म्हणाले नाहीत."

 पन्नास वर्षं मावशी ज्या माणसाला बेइमान म्हणत आल्या, त्याला एकदम कशी माफी देणार? त्या फक्त गुरुजींच्या डोक्याखाली आपली पिशवी सरकवून त्यांच्याशेजारी बसल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुमच्या आजीची मात्र मोठी मुसीबत झाली. भाकऱ्या फुकट गेल्या." आणि पुन्हा थोड्या वेळानं, "चला आता. ऊन उतरतंय."

मुख्य कचेरीत नोकरी केलेल्या मला त्या आजोबांविषयी फार जवळीक वाटली. वरून आलेला हुकूम अक्षरन्‌अक्षर पाळणारे, आणि विचारल्याशिवाय खुलासा न करणारे. आमच्या बँकेत ते फार वर चढले असते.

रामनगर, शनिवार

गुरुवार आणि शुक्रवार पाटीवरच्या मजकुरात गेले. श्रीवास्तवजींनी दगडकाम करणाऱ्या कारागिराकडून 'अंग्रेज़ी हुकूमत' घासून काढली, हे मला आजही त्यांचं मोठं धाडस वाटतं. पण 'मरने वाले' या शब्दांना ते तयार होईनात. शेवटी गुरुजींनी तोडगा काढला. 'यह भवन सांगली के शिवरामपंत ने बनवाया, ताकि लेटे हुए आदमी को काशी दिखे।' गाढवांचा उल्लेख सर्वानुमते वगळला.

जनरल मॅनेजर दोन तास उशिरा आले. पडदा ओढला, पाटी वाचली आणि भुवया चढवून श्रीवास्तवजींना विचारलं, "लेटे हुए? ब्रांच में कौन लेटता है?" मी खुलासा करायला पुढं झाले, तेवढ्यात त्यांना संगणकाची खोली दाखवायला नेलं. तिथं त्यांनी चपला काढल्या, हार ठीक केला आणि फोटो काढून घेतला.

त्याच दिवशी मी एसटीडी बूथवरून साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "छान. पण थोडं उदास वाटतं हो." महोत्सवी ग्रंथ वर्षभरानं निघाला. माझ्या दीड पानाचं दीड वाक्य झालं होतं: 'ब्रिटिशकालीन शैलीतील नदीकाठचे विश्रामगृह.' खाली संगणकाचा फोटो, हारासकट.

पुण्यात, नंतर

श्रीवास्तवजींची बदली झाली नाही. हे मला कळलं ते तपासनिसांच्या एका तक्रारपत्रावरून. ते फिरत फिरत आमच्या विभागात, माझ्या टेबलावर आलं. रामनगर शाखेत दस्तऐवजांच्या खोलीतून खातेवह्या परस्पर हलवण्यात आल्या असून, नदीच्या बाजूस विनापरवाना एक चटई आणि लोड ठेवलेला आढळला. पेन्शनच्या दिवशी वृद्ध खातेदार तिथं पाळीपाळीनं आडवे होतात. विचारणा केली असता शाखाधिकारी समाधानकारक उत्तर देत नाहीत. या वस्तू मंजूर फर्निचरच्या यादीत नाहीत. इमारत विभागानं अभिप्राय द्यावा.

साहेब रजेवर होते. मी कपाटातून रामनगरचा नकाशा काढला, तो तक्रारीला टाचला आणि समासात लिहिलं: 'इमारतीच्या मूळ आराखड्याप्रमाणे आहे. हलवू नये.' खाली सही केली. हुद्दा, ड्राफ्ट्समन.